भागिरथाबाईनं सांगितलेला शेवट

आसेगावच्या बायकांना पिक्चरांची नावं माहीत नव्हती आणि नावांशी त्यांना घेणंदेणंही नव्हतं. कंदिलाचा पिक्चर, आंधळ्या सासऱ्याचा पिक्चर, ती रुळावरून उठून परत येते तो पिक्चर, अशी त्यांची यादी होती. यातला एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. भागिरथाबाईनं पाहिला होता आणि तिनं सांगितला होता, तेवढ्यावर त्यांचं भागायचं. नुसतं भागायचं नाही, तिकीट काढून पाहून आलेल्या पुरुषांच्या चुकाही या बाया खुशाल काढायच्या.

पिक्चर सांगायची जागा म्हणजे मारोतराव पाटलांचं कापसाचं वावर. कमरेला ओटी बांधलेल्या वीस बाया आपापल्या ओळी धरून एका पातीनं पुढं सरकायच्या. मधल्या ओळीत भागिरथाबाई. हात बोंडावर, तोंड पिक्चरात. ओळ संपून धुऱ्यावर म्हणजे बांधावर पोचलं की इंटरवल. भाकर खायची, पाणी प्यायचं, नटीच्या साडीवर दोन शब्द बोलून घ्यायचे आणि परतीच्या ओळीला लागायचं. मारोतरावांचा कापूस लवकर वेचून होतो तो भागिरथेच्या तोंडामुळं, असं शेजारचे वावरवाले चिडून म्हणायचे. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

भागिरथाबाई चाळिशीची. अंगानं काटक, आवाजानं भरदार. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला आणि सासऱ्यानं घरातले देव पाटीत घालून नदीत सोडले, तेव्हा ती नुकतीच नांदायला आलेली होती. चौथीपर्यंत शिकलेली. त्यामुळं पौर्णिमेला विहारात पंचशील पुढं तीच म्हणायची आणि यष्टीची पाटीही बायकांना तीच वाचून द्यायची. नवरा जगदेव मंगरूळपीरला कापसाच्या जिनात कामाला होता आणि तिथंच राहायचा. दर रविवारी ही त्याच्यासाठी पीठ, चटणी आणि धुतलेले कपडे घेऊन सकाळच्या यष्टीनं जायची. तिचा भाऊ शेषराव तिथल्या टॉकीजवर डोअरकीपर. दारावर भाऊ उभा असताना बहिणीनं तिकीट काढलं तर भावाची काय अब्रू राहिली? म्हणून भागिरथाबाई तीनच्या खेळाला बायकांच्या बाकावर फुकट बसायची.

आता यातली गोम सांगतो. तीनचा खेळ साडेपाचला सुटायचा आणि आसेगावची शेवटची यष्टीही साडेपाचलाच निघायची. जगदेवच्या खोलीत आणखी चार गडी राहत, तिथं मुक्काम करायची सोय नव्हती, आणि घरी म्हातारी सासू वाट बघत असायची. सव्वापाच झाले की शेषराव दाराचा पडदा बाजूला करून खाकरायचा. मग ही चपला हातात घेऊन स्टँडकडं पळायची. सात वर्षांत भागिरथाबाईनं कितीतरी पिक्चर पाहिले आणि त्यातल्या एकाचाही शेवट पाहिला नाही.

पहिल्या वेळी तिनं खरं तेच सांगितलं होतं. "इथलोक पाह्यला वं. पुढचं मले माहीत नाई."

बाया जागच्या जागी थांबल्या. मनकर्णाबाई म्हणजे तिची शेजारीण, वस्तीत सगळ्यांत फटकळ. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे? थे मेली का जगली, हे कोन सांगन? आमी काय रातभर जागत राहाव?"

भागिरथाबाईनं पुढच्या रविवारी शेषरावाला विचारून पाहिलं. पण शेवटच्या पाव तासात शेषराव बाहेर सायकल स्टँडवर असायचा. "शेवटी मारामारी होते," तो विचार करून म्हणाला, "अन् मंग सगळे एका लायनीत उभे राह्यतात." एवढ्यावर वीस बायांचं समाधान होणार नव्हतं. तेव्हा यष्टीत दांडा धरून उभ्या उभ्या तिनं एक शेवट जुळवला आणि सोमवारी तो पातीत सांगितला. बायांनी पदरानं डोळे पुसले. मनकर्णाबाई तर दोन दिवस त्या पिक्चराबद्दलच बोलत होती. एकदा असं झाल्यावर खरं सांगायला कुणाचं तोंड धजतं? विहारात चौथं शील म्हणताना, खोटं बोलणार नाही हे म्हणताना, तिचा भरदार आवाज जरा खाली यायचा. पण पिक्चर मुळातच खोटा, त्याला शेपूट आपण जोडलं तर कुणाचं काय बिघडलं, अशी ती मनाची समजूत घालायची.

बिघडलं ते चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात.

मारोतरावांची मुलगी रुख्मिणी तेरा महिन्यांपासून माहेरी येऊन राहिली होती. सासर अनसिंगचं. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं घरात जवळ बसवून विचारणारं बाईमाणूस नव्हतं. मारोतराव मुलीला ताट वाढायला सांगायचे, त्यापलीकडं बापलेकीत बोलणं नव्हतं. नवऱ्याशी भांडून आली, डोकं थंड झालं की जाईल, असं त्यांनी गावाला सांगून टाकलं होतं आणि स्वतःलाही. रुख्मिणीला घर खायला उठायचं. ती वावरात यायची आणि बायांच्या बरोबरीनं वेचायची. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. उंच झाडांची बोंडं शेजारची कुणीतरी तोडून द्यायची. काहून वं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पडली व्हती."

एकदा विहिरीवर पाणी शेंदताना तिचं पोलकं भिजलं. ते बदलायला भागिरथाबाईनं लुगड्याचा आडोसा धरला आणि तिची नजर पोरीच्या पाठीवर गेली. पडल्याच्या खुणा अशा नसतात. बैलाला टोचतात त्या पराणीच्या टोकाचे डाग होते ते, खांद्यापासून खाली कमरेपर्यंत. रुख्मिणीला कळलं की हिनं पाहिलं. पाटलाच्या घरची गोष्ट मजूर बाईनं कुठल्या तोंडानं काढायची? तिनं आडोसा तेवढा आणखी उंच धरला.

त्याच आठवड्यात मंगरूळपीरला तो पिक्चर लागला. शांता नावाची सून, तिचा सासरी छळ, एका पावसात ती माहेरी निघून येते, आणि शेवटाकडं नवरा तिला न्यायला बैलांची दमणी जुंपून दारात येतो. शांता हातात दिवा घेऊन उंबऱ्यावर उभी राहते. नवरा म्हणतो, चल, घरात तुझी जागा रिकामी आहे. शांता त्याच्याकडं बघते. एवढ्यात शेषराव खाकरला.

त्या दिवशी यष्टीत बसायला जागा मिळाली नाही. सबंध वाटभर भागिरथाबाईच्या डोळ्यांपुढं ती उंबऱ्यावरची नटी होती. नटीनं काय बोलावं हे तिला सुचेना. मग तिनं नटीचा नाद सोडला आणि रुख्मिणी तिथं उभी आहे असं धरलं. आसेगावचा फाटा यायच्या आत बोलणं तयार झालं.

दुसऱ्या दिवशी पातीत तिनं पिक्चर सांगायला घेतला. जेवणानंतरच्या ओळीत दमणी दारात आली. भागिरथाबाईनं हातातलं बोंड सोडलं, ती ताठ उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"तुमच्या घरात माही जागा कोनती व्हती, थे माह्या पाठीले इचारा. थे हो म्हनन, तं मी येतो."

वीस बायांचे हात थांबले. रुख्मिणी होती तिथंच ओळीत खाली बसली. मग म्हणाली, "मावशी, पुन्हा सांगा." भागिरथाबाईनं पुन्हा सांगितलं.

"मंग गेली का थे?"

"नाई गेली. दमणी रिकामीच वापस गेली."

दिवस मावळेपर्यंत रुख्मिणीनं ते बोलणं चार वेळा म्हणवून घेतलं. आठ दिवसांत ते सगळ्या वस्तीच्या तोंडी झालं. भाकर करपली तरी बाया एकमेकींना म्हणायच्या, माह्या पाठीले इचारा. त्या पिक्चराला पाठीचा पिक्चर असं नाव पडलं आणि भागिरथाबाई मनातून फार खूष झाली. एवढं चांगलं तिला आधी कधी सुचलं नव्हतं.

महिनाभरानं अनसिंगची माणसं आली. रुख्मिणीचा सासरा दौलतराव, नवरा माणिक आणि सोबत दोन वडीलधारे. मारोतरावांच्या ओसरीवर बैठक बसली. संध्याकाळची वेळ, बाया कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन वजनासाठी अंगणात उभ्या होत्या. पाहुणे उठल्याशिवाय वजन होणार नव्हतं, त्यामुळं सगळं बोलणं त्यांच्या कानांवर पडत होतं.

दौलतराव मऊ बोलणारा माणूस. "झालं गेलं इसरा आता. पोरीले पाठवा. घर रिकामं पडलं," ते म्हणाले.

मारोतरावांनी मुलीला हाक मारली. रुख्मिणी मधल्या दारात येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर, नजर खाली. "काय म्हनतं तू?" बापानं विचारलं. विचारण्याची तऱ्हाच अशी की हो शिवाय उत्तर नसावं. रुख्मिणीनं मान वर केली. आणि ते बोलणं ती जसंच्या तसं बोलली. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, काही चुकली नाही.

भागिरथाबाईच्या डोक्यावरचं गाठोडं हललं. आपल्या तोंडचं बोलणं आपल्यासमोर दुसऱ्याचं आयुष्य धरून उभं राहिलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

मग दौलतराव हसले. "हे बोली तुही नाई. कोनं शिकवली?"

"शिकवली नाई. पिक्चरातली शांता म्हनते. थे दमणी येते, त्या पिक्चरात."

"थो व्हय?" दौलतरावांनी मांडीवर थाप मारली. "अवं थो म्या वाशीमले पाह्यला. असं काईच म्हनत नाई थे. मुकाट्यानं जाते."

"नाई जात."

"जाते."

"भागिरथामावशीनं पाह्यला," रुख्मिणी म्हणाली. "नाई जात थे."

सगळी ओसरी अंगणाकडं वळली. मारोतरावांनी विचारलं, "काय वं भागिरथे, जाते का नाई?"

खरं सांगायची वेळ होती ती हीच. मी पाहिला नाही, एवढे तीन शब्द. भागिरथाबाईनं दाराकडं पाहिलं. रुख्मिणीच्या चेहऱ्यावर जरासुद्धा शंका नव्हती. "नाई जात, पाटील," भागिरथाबाई म्हणाली.

आता माणसं कशी असतात पाहा. पोरगी भर बैठकीत पाठीबद्दल बोलली होती आणि दोन गावांची शहाणी माणसं पिक्चरच्या शेवटावर वाद घालत बसली. मारोतरावांना तर वाटच सापडली. मुलीला हाताला धरून घालवलं तर गाव नाव ठेवणार, ठेवून घेतलं तर सोयरे नाव ठेवणार. त्याच सकाळी छकड्यावर भोंगा लावून दवंडी फिरली होती, येत्या गुरुवारी बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागणार आणि दाखवणार होते तो हाच पिक्चर. मारोतराव म्हणाले, "तंबूत पाहू. थे बाई गेली तं तू जाशीन. नाई गेली तं मी पुन्हा अनसिंगचं नाव काढनार नाई. हा माहा शब्द. कबूल?"

"कबूल," रुख्मिणी म्हणाली. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

दौलतराव पान खाऊन खुशीत उठले. ते शेवट पाहून आलेले होते.

बुधवारी तंबू लागला. भागिरथाबाई पाणी भरायचं निमित्त काढून मैदानात गेली. मशीनवाला बाबूसिंग पेट्या उतरवून घेत होता.

"भैया, दमणीच्या पिक्चरात शेवटी थे बाई जाते का?"

"जाती है ना, बाई," बाबूसिंग म्हणाला. "नही जायेगी तो पिक्चर खतम कैसे होगा?"

"शेवटचं रीळ नाई लावलं तं?"

बाबूसिंगनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लोग तंबू फाड डालेंगे. जाओ, अपना काम करो."

ती मनकर्णाबाईकडं गेली आणि चुलीपुढं बसून तिनं सगळं सांगून टाकलं. सात वर्षांत पहिल्यांदा. मनकर्णाबाईच्या हातातली भाकर तव्यावर राहिली.

"म्हंजे आंधळ्या सासऱ्याले शेवटी दिसाले लागते, थे?"

"माहं."

"अन् थे रुळावरून उठते?"

"थेही माहं."

त्या रुळावरच्या बाईसाठी मनकर्णाबाई सख्ख्या बहिणीसारखी रडली होती. पण बाई व्यवहारी. भाकर उलटून तिनं सांगितलं, "तोंड उघडू नको. पाटलाच्या वावरात आपल्या वस्तीच्या वीस बाया हायेत. तू त्याच्या घरात इस्तू घातला म्हनून उद्या साऱ्याइचं काम बंद करन तो. तंबूवाल्यानं शेवट बदलला म्हन. मंगरूळले वेगळा व्हता म्हन. कोन पाहाले जाते?"

"अन् पोरगी?"

"पोरगी पाटलाची हाये," मनकर्णाबाई म्हणाली, पण म्हणताना तिनं मान दुसरीकडं फिरवली.

गुरुवारी सकाळी भागिरथाबाई रुख्मिणीला खरं सांगायचंच असं ठरवून पाटलांच्या मागच्या दारी गेली. रुख्मिणी केस विंचरत होती. उजव्या हातानं विंचरायची, वेणी मात्र एका हातानं घालता येत नव्हती. "बरं झालं आल्या मावशी, वेणी घालून द्या," ती म्हणाली. भागिरथाबाई तिच्या मागं बसली. पेड घालता घालता तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. रुख्मिणी बोलत होती. चौदा महिन्यांत बोलली नसेल इतकं बोलत होती. आता वावरातच राहीन, म्हणाली, कापसात मन लागते माहं. भागिरथाबाईनं वेणीला गाठ मारली आणि न सांगता परत आली. यात दुसरं काही नव्हतं, भित्रेपणा होता. पुढं ती स्वतःही ते असंच सांगायची, आडपडदा न ठेवता.

साडेसहाला तंबू भरला. मध्ये दोरी बांधलेली, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. पाटलांसाठी आणि अनसिंगच्या पाहुण्यांसाठी पुढं पाच खुर्च्या टाकल्या होत्या. बाहेर पाहुण्यांची दमणी उभी होती. शब्द म्हणजे शब्द, म्हणून मारोतरावांनी मुलीची पेटी आधीच तिच्यात ठेवायला लावली होती. रुख्मिणी बायांमध्ये पुढं बसली, तिच्या मागं भागिरथाबाई आणि मनकर्णाबाई.

पिक्चर सुरू झाला आणि बाया हरखल्या. एकेक बोलणं पडद्यावरून यायच्या आधी त्यांच्या तोंडी तयार. सासू चाबी कमरेला खोचते, ती खोचली. दीर दुधात पाणी घालतो, घातलं. "अक्षर सोडलं नाई वं भागिरथेनं," मागून कुणी कुजबुजलं. जसजसं एकेक जुळत गेलं तसतशी रुख्मिणीची मान ताठ होत गेली, आणि भागिरथाबाईला बसवेना. आपण सगळं इतकं नीट सांगायला नको होतं, असं तिला वाटलं. एखादं तरी चुकायला हवं होतं.

तंबूत मशीन एकच. दर रिळानंतर बाबूसिंग दिवा लावायचा, नवं रीळ चढवायचा, दिवा घालवायचा. शेवटच्या रिळाआधी दिवा लागला तेव्हा रुख्मिणीनं मागं वळून भागिरथाबाईकडं पाहिलं आणि ती हसली. भागिरथाबाईनं तोंड उघडलं. मनकर्णाबाईनं तिच्या मांडीला कचकन चिमटा काढला. दिवा गेला.

दमणी दारात आली. शांता दिवा घेऊन उंबऱ्यावर आली. नवरा म्हणाला, चल, घरात तुझी जागा रिकामी आहे. शांतानं त्याच्याकडं पाहिलं. इथून पुढचं भागिरथाबाई जन्मात पहिल्यांदा पाहत होती. एकीनं तर हलक्या आवाजात म्हणायला सुरुवातही केली, तुमच्या घरात... आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. शांतानं दिवा खाली ठेवला, पायरी उतरली आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं टेकवलं. "माझी जागा या पायांशी," ती म्हणाली. सनई वाजली. दमणी धुरळा उडवत निघाली.

दिवा लागला. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. दौलतराव खुर्चीतून उठत म्हणाले, "झालं समाधान?"

मारोतराव दोरीजवळ आले. मुलीकडं न बघताच म्हणाले, "रुख्मे, ऊठ. शब्द दिला तू."

रुख्मिणी उठली. रडली नाही, हटली नाही. जाता जाता भागिरथाबाईकडं वळून एवढंच म्हणाली, "मावशी, तुमी तं पाह्यला व्हता." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच विचारत होती.

"शेवट बदलला म्हन," मनकर्णाबाई कानाशी लागली. "म्हन लवकर."

भागिरथाबाई उभी राहिली. "पाटील, थांबा," ती म्हणाली. आवाज सबंध तंबूत गेला, तो आवाजच तसा होता. "हे बोली पिक्चरातली नोहे. मी खोटं बोलली. मी आजलोक एकाबी पिक्चरचा शेवट पाह्यला नाई. साडेपाचची यष्टी राह्यते, मले मधातूनच उठा लागते. सात वर्सं साऱ्याइले जे शेवट सांगतले, थे माह्या मनचे व्हते."

आधी कुणाला कळलं नाही. मग पुरुषांच्या बाजूला एकजण फिसकन हसला आणि त्याच्यामागं सगळा तंबू हसत सुटला. बाया मात्र हसल्या नाहीत. त्या भागिरथाबाईकडं अशा बघत होत्या, जणू तिनं त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेलं होतं. भागिरथाबाईला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण ती खाली बसली नाही.

मारोतराव हसत नव्हते. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "माह्या पोरीच्या तोंडात खोटी बोली घातली तू," ते म्हणाले. "चार लोकाइत मले उघडं पाडलं. तुह्या मनानं जुळवून?"

"बोली जुळवली, पाटील," भागिरथाबाई म्हणाली. "पाठ नाई जुळवली."

"कोनाची पाठ?"

"रुख्माबाईची. इहिरीवर पाह्यली मी. पराणीनं टोचली हाये. अन् तो डावा हात पडल्यानं नाई गेला."

हसणं थांबलं. मागं कुणीतरी अजून खिदळत होतं, त्यालाही शेजाऱ्यानं गप्प केलं. माणिक खुर्चीत बसल्या जागी पायांकडं बघत होता. दौलतराव मात्र पुढं आले, तोच मऊ आवाज. "मारोतराव, आत्ता हिनंच सांगतलं का मी खोटी बोलतो म्हनून. सात वर्सं खोटी बोलली. हाही शेवट तिनंच जुळवला असन. कायले मनावर घेता?"

आणि त्यात खोट काढता येत नव्हती. भागिरथाबाईचं खरं ठरवायला तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला खोटारडी ठरवलं होतं, सगळ्या गावासमोर, आत्ताच. ती पाटलांकडं बघत राहिली. पाटील तिच्याकडं बघत होते. मग त्यांची नजर हलली आणि मुलीवर जाऊन थांबली. तिच्या डाव्या हातावर. चौदा महिने ती त्यांना ताट वाढत आली होती आणि हा हात वर जात नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"रुख्मा," ते म्हणाले. "काय झालं तुह्या पाठीले?"

रुख्मिणी जे बोलली ते कुठल्या पिक्चरातलं नव्हतं, आणि भागिरथाबाईनं सांगितलेलंही नव्हतं.

"चौदा महिने झाले, बाबा," ती म्हणाली. "आज इचारलं तुमी."

मारोतरावांनी दोरी धरली. ओलांडायला गेले आणि पाय अडखळला, तशी मनकर्णाबाईनं दोरी खाली दाबून धरली. पाटील बायांच्या बाजूला आले आणि मुलीच्या पायांजवळ, तिथंच धुळीत, खाली बसले. दौलतराव दिलेल्या शब्दाबद्दल काहीतरी बोलत होते. कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. बाबूसिंगला पुढच्या खेळासाठी तंबू रिकामा करून हवा होता, तो दोनदा ओरडला. बायांतली एकही उठली नाही.